तासगावचे नागोजीभट्ट आणि नियमांचे भांडण

विट्याहून तासगाव म्हणजे एस.टी.ने तासाभराचा रस्ता. आमच्या खानापूर तालुक्याच्या माळावरून निघालेली गाडी द्राक्षांच्या मळ्यांत शिरली की तासगाव आले असे समजावे. आज तासगाव म्हटले की कुणाला बेदाणा आठवतो, कुणाला परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आणि त्याचे दाक्षिणात्य वळणाचे गोपुर आठवते. पण या गावाशी आणखी एक नाव बांधलेले आहे. ते काशीच्या पंडितांना ठाऊक आहे, जर्मनीतल्या संस्कृतच्या प्राध्यापकांना ठाऊक आहे, आणि अलीकडे संगणकाला शहाणपण शिकवू पाहणाऱ्या मंडळींनाही ठाऊक झाले आहे. फक्त आम्हा शेजाऱ्यांनाच ते फारसे माहीत नाही. ते नाव म्हणजे नागेशभट्ट काळे, अर्थात नागोजीभट्ट.

महामहोपाध्याय काशीनाथ वासुदेव अभ्यंकरांनी आपल्या व्याकरणकोशात नागेशांची नोंद करताना त्यांना सातारा जिल्ह्यातल्या तासगावचे म्हटले आहे. त्यात चूक नाही. तासगाव आणि विटा हे दोन्ही पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली पडले. म्हणजे नागोजीभट्ट आजच्या हिशेबाने आमच्या सांगली जिल्ह्याचे. वडिलांचे नाव शिवभट्ट, आईचे सती. आपल्या ग्रंथांत त्यांनी वडिलांबरोबर आईचेही नाव आवर्जून नोंदवले आहे. एवढा मोठा पंडित, पण ओळख सांगताना आईला विसरला नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

नागेशांचा काळ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा. इकडे महाराष्ट्रात शिवकाळ संपून मोगलांशी झुंज चालली होती, पुढे शाहू महाराज साताऱ्यास आले, पेशवाई उभी राहिली. आणि तिकडे काशीत महाराष्ट्रातून गेलेल्या घराण्यांनी विद्येचे एक वेगळेच राज्य थाटले होते. पैठणचे भट्ट घराणे, शेष घराणे ही नावे काशीत आदराने घेतली जात. शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच भट्ट घराण्यातले. या दुनियेत नागेश शिकले.

त्यांच्या बालपणाविषयी पंडितांमध्ये एक आख्यायिका चालत आली आहे. सोळाव्या वर्षापर्यंत म्हणे या मुलाने विद्येकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. एकदा पंडितांच्या सभेत तो वरच्या आसनावर जाऊन बसला, तेव्हा कुणीतरी त्याला सर्वांदेखत उठवले. तो अपमान त्याला इतका झोंबला की त्याने वाग्देवीची उपासना केली आणि मग गुरूचे दार गाठले. ही कथा अक्षरशः खरी आहे की नाही, याची खातरजमा आता कोण करणार? पण अशा कथा उगाच तीनशे वर्षे टिकत नाहीत. उशिरा सुरुवात करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कुठल्या तरी शिक्षकाने ती सांगितली असणार.

गुरू मिळाले ते हरी दीक्षित. सिद्धान्तकौमुदी लिहिणाऱ्या भट्टोजी दीक्षितांचे हे नातू. न्यायशास्त्र ते रामराम भट्टाचार्यांकडे शिकले. पुढे नागेशांनी ज्या विषयाला हात घातला, त्यात भर घातली. व्याकरणावर शब्देन्दुशेखर आणि परिभाषेन्दुशेखर, पतंजलीच्या महाभाष्यावरील कैयटाच्या टीकेवर उद्द्योत, शब्द आणि अर्थ यांचे नाते उलगडणारी मंजूषा. ही मंजूषा त्यांनी तीनदा लिहिली, एक मोठी, एक लघु आणि एक परमलघु. शिवाय काव्यशास्त्र, धर्मशास्त्र, योग. लहानमोठे मिळून शंभरावर ग्रंथ त्यांच्या नावावर सांगितले जातात. वादसभा गाजवल्यामुळे सभापती ही पदवीही मिळाली.

आता प्रश्न असा की तीनशे वर्षांपूर्वीच्या या वैयाकरणाचा संगणकाशी काय संबंध? तो सांगण्याआधी वाचकांना जरा एस.टी.त बसवतो.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील प्रवाशांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. २०२३ मध्ये सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट होतेच. आता समजा विट्याच्या स्टँडवर ऐंशी वर्षांची एक आजी गाडीत चढली. ती महिला आहे म्हणून अर्धे तिकीट, की पंचाहत्तरीपुढची आहे म्हणून मोफत? आणि तिच्यामागे सहासष्ट वर्षांच्या मावशी चढल्या तर? महिला म्हणून अर्धे आणि ज्येष्ठ म्हणून पुन्हा त्याचे अर्धे, म्हणजे पाव तिकीट द्यायचे का? कंडक्टर हसेल. त्याला उत्तर ठाऊक असते. पण हेच काम यंत्राला सांगायचे झाले तर? यंत्राला दोन नियम दिलेत, दोन्ही एकाच वेळी लागू झाले, आणि कोणता पाळायचा हे सांगितलेच नाही, तर यंत्राने काय करावे?

पाणिनीपुढे हाच प्रश्न होता. त्याची अष्टाध्यायी म्हणजे सुमारे चार हजार सूत्रांचे यंत्रच. एका टोकाने धातू आणि प्रत्यय घालावेत, दुसऱ्या टोकाने शुद्ध शब्द बाहेर यावा. पण एकाच जागी दोन सूत्रे दावा सांगू लागली की गोंधळ उडतो. पाणिनीने त्यासाठी एक सूत्र दिले. परंपरेने त्याचा अर्थ असा लावला की दोन तुल्यबळ नियमांत भांडण झाले तर ग्रंथात नंतर आलेला नियम जिंकतो. एवढ्याने भागत नाही हे कात्यायन आणि पतंजली यांना लगेच कळले. म्हणून नियम कसे वापरावेत याचे नियम तयार झाले. त्यांनाच परिभाषा म्हणतात.

शतकानुशतके या परिभाषा वाढत गेल्या. कुणी एक सांगितली, कुणी दुसरी जोडली. कोणती खरी, कोणती उपरी, हे कळेनासे झाले. नागेशांनी परिभाषेन्दुशेखरात हा सगळा ढीग समोर घेतला आणि सव्वाशेच्या आसपास परिभाषांची एकेक करून झडती घेतली. आमच्या विट्याच्या माणसाला हे काम चटकन समजेल. आमच्या तालुक्यातली हजारो कुटुंबे दुष्काळाला कंटाळून गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली. जुन्या दागिन्यांची मोड मुशीत वितळवायची, हीण बाजूला काढायचे आणि शुद्ध सोने वेगळे करायचे, हा त्यांचा धंदा. नागेशांनी व्याकरणातली गलाई केली.

त्यांची कसोटी काय होती? प्रत्येक परिभाषेला ते तिचे मूळ विचारतात. ती ग्रंथकाराने शब्दांत सांगितली आहे का? तसे नसेल, तर पाणिनीच्या एखाद्या सूत्राच्या रचनेवरून ती अनुमानाने निघते का? म्हणजे ती परिभाषा मानली नाही तर ते सूत्र फुकट जाते, असे दाखवता येते का? तेही नसेल, तर लोकव्यवहारातल्या एखाद्या सर्वमान्य न्यायाने ती सिद्ध होते का? आणि महाभाष्यात तिला आधार नसेल, तर ती कितीही सोयीची असो, तिला बाहेरची वाट.

नियमांच्या भांडणाचा त्यांनी दिलेला निवाडा तर आजही वाचण्यासारखा आहे. नंतर आलेल्या नियमापेक्षा नित्य नियम बलवान. नित्य म्हणजे दुसरा नियम आधी लागला काय अन् न लागला काय, ज्याला संधी मिळतेच असा. नित्यापेक्षा अंतरंग बलवान. अंतरंग म्हणजे ज्याची कारणे शब्दाच्या आतल्या अंगाला आहेत असा. वैयाकरण त्याचा दाखला देताना माणसाच्या दिनक्रमाकडे बोट दाखवतात. माणूस सकाळी उठल्यावर आधी आपल्या शरीराची कामे उरकतो, मग स्नेह्यांची आणि मग नातलगांची. आतले आधी, बाहेरचे नंतर. आणि अंतरंगापेक्षाही अपवाद बलवान. पंगतीत सर्वांना दही वाढा असे सांगून कौंडिण्याला मात्र ताक द्या असे सांगितले, तर कौंडिण्याच्या पानावर दही पडत नाही. विशेष आज्ञा सामान्य आज्ञेला बाजूला सारते. आमच्या सहासष्ट वर्षांच्या मावशींच्या तिकिटाचा प्रश्नही याच जातीचा आहे. एक सवलत लागली की दुसरी तिच्यावर चढते की तिथेच थांबते, हे आधी ठरवावे लागते.

आता संगणकाकडे येतो. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड फायगेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेंड्रल नावाची एक प्रणाली हाती घेतली. रसायनतज्ज्ञाच्या डोक्यातले ज्ञान नियमांच्या रूपात संगणकात भरायचे आणि त्याच्याकडून रेणूची रचना ओळखून घ्यायची, हा तिचा हेतू. १९७० च्या दशकात त्याच विद्यापीठात मायसिन तयार झाली. रक्तातल्या जंतुसंसर्गाचे निदान करून औषध सुचवण्यासाठी तिच्यात सुमारे सहाशे नियम भरले होते. अशा प्रणालींना ज्ञानाधारित प्रणाली म्हणतात. नियम थोडे असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. ते वाढले की त्यांच्यात भांडणे लागतात. मग नियमांवरचे नियम लागतात. स्टॅनफर्डच्या मंडळींनी त्यांना मेटारूल म्हटले. नागेशांच्या काशीत त्यांना परिभाषा म्हणत.

हे साम्य केवळ आपल्याला बरे वाटावे म्हणून मी सांगत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ए.आय. मॅगझीन या नियतकालिकात रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख आला. ब्रिग्ज तेव्हा नासाच्या एम्स केंद्रातील एका संशोधन संस्थेत होते. वाक्याचा अर्थ संगणकात साठवण्यासाठी त्या काळी अर्थाची जाळी विणत. त्या जाळ्या आणि संस्कृत वैयाकरणांची वाक्याचा अर्थ उकलण्याची पद्धत यांची त्यांनी तुलना केली. त्यासाठी त्यांनी ज्या ग्रंथांचा आधार घेतला, त्यांत नागेशांची लघुमंजूषा होती.

काय होती ही पद्धत? साधे वाक्य घेऊ. आजी चुलीवर तव्यात नातवासाठी भाकरी भाजते. या वाक्यात मुख्य कोण? आपण म्हणू, आजी. न्यायशास्त्रीही साधारण तेच म्हणतील. वैयाकरण म्हणतात, नाही. मुख्य आहे ती भाजण्याची क्रिया. या क्रियेचे दोन भाग, एक हालचाल आणि दुसरे त्या हालचालीचे फळ. आजीची खटपट ही हालचाल, भाकरी खरपूस होणे हे फळ. ती खटपट जिच्या ठायी आहे ती आजी कर्ता. ते फळ जिच्या ठायी आहे ती भाकरी कर्म. तवा आणि चूल हे आधार. नातू तो ज्याच्यासाठी हे चालले आहे तो. अशी प्रत्येक पदाला क्रियेशी बांधणारी गाठ सांगितली की वाक्याचा अर्थ उघडा पडतो, शब्दांचा क्रम उलटासुलटा केला तरी बिघडत नाही. यंत्राला नेमके हेच हवे असते.

या लेखाची पुढे एक दंतकथा झाली. नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली, असे आजही लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सांगतो. नासाने असे काही ठरवले नव्हते. एका संशोधकाने लिहिलेला तो एक लेख होता. आणि खरे सांगायचे तर नागेशांच्या मोठेपणाला या शिफारसपत्राची गरजही नाही. ब्रिग्ज यांचा लेख वाचून भारतात काही मंडळी कामाला लागली, हे त्याचे खरे फळ. १९८६ च्या डिसेंबरात बंगळूरला संस्कृत पंडित आणि संगणकतज्ज्ञ या विषयावर एकत्र बसले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि जुहूची एन.सी.एस.टी., मद्रासचे आय.आय.टी., बंगळूरची विज्ञान संस्था, कलकत्त्याची सांख्यिकी संस्था ही त्याची केंद्रे. पुढे हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शाब्दबोधाच्या याच सिद्धान्तांवर संस्कृत वाक्यांचे विश्लेषण करणारी साधने उभी केली. २००७ मध्ये फ्रान्समध्ये संस्कृत संगणकीय भाषाविज्ञानाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली.

मधल्या काळात वारे फिरले. नियम भरत बसण्यापेक्षा यंत्राला लाखो उदाहरणे दाखवा, ते आपले आपण शिकेल, हा पक्ष जिंकला. आज मोबाईलवर प्रश्नाला फाडफाड उत्तरे देणारी यंत्रे त्याच पक्षाची. पण ही यंत्रे कधीकधी धडधडीत खोटे बेधडक ठोकून देतात, आणि असे का सांगितलेस म्हटले तर भरवशाचे कारण देऊ शकत नाहीत. म्हणून आता पुन्हा ज्ञानाधारित पद्धतीकडे लक्ष वळले आहे. शिकलेले आणि सांगितलेले यांची सांगड कशी घालावी, यावर जगभरच्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या जागा निघत आहेत. आणि कारण दाखवा, मूळ दाखवा, ही मागणी तर नागेशांची रोजचीच होती.

अशाच एका जागेची गोष्ट गेल्या वर्षी आमच्या गल्लीत आली. गलाई व्यवसायातल्या एका कुटुंबातली मुलगी. वडील वर्षातले दहा महिने परमुलखात मुशीसमोर, घर विट्यात. मुलगी संगणकाची पदवीधर, पुढचे शिक्षणही चांगल्या गुणांनी पुरे केलेली. सरकारी योजनांचे परस्परविरोधी नियम यंत्राला कसे समजावून द्यायचे, या विषयावर तिला संशोधन करायचे आहे. मी निवृत्त संस्कृत शिक्षक म्हणून घरच्यांनी मला बोलावले. दिवाळीला आलेल्या वडिलांनी रोकडे प्रश्न विचारले. किती वर्षे? चार-पाच. पैसे किती? मी सांगितले की देशात नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाले आहेत. युरोपातल्या काही देशांत पीएच.डी. ही चक्क पगाराची नोकरी असते, तिची जाहिरात निघते, मुलाखत होते, आणि नेदरलँड्ससारख्या देशात साधारण चार वर्षांचा करार होतो. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. चार वर्षे बसून हाती एक पुस्तकच येणार असेल, तर त्या पुस्तकाचे पुढे काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने पावसाची वाट पाहत बालपण काढले, त्याला चार वर्षांची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. त्याच वयाची शेजारची मुले पुण्यात कंपन्यांत लागून घराचे हप्ते फेडत होती. आई मुलीच्या लग्नाचे वय मोजत होती. मी त्या दिवशी उपदेश केला नाही. नागोजीभट्टांचे पुढचे आयुष्य तेवढे सांगितले. तेच आता वाचकांना सांगतो.

एवढे ग्रंथ लिहिणारा माणूस खात काय होता? प्रयागजवळ शृंगवेरपूर नावाचे एक छोटे संस्थान होते. तिथले राजे रामसिंह यांनी नागेशांना आश्रय दिला. त्या काळची हीच शिष्यवृत्ती. नागेशांनी ती कृतज्ञतेने नोंदवून ठेवली. वाल्मीकिरामायणावरची तिलक नावाची प्रसिद्ध टीका या राजाच्या नावावर आहे. ती प्रत्यक्षात नागेशांनी लिहिली, असे अभ्यासक मानतात. आज शृंगवेरपूरच्या त्या राजाने किती महसूल गोळा केला, कोणत्या लढाया केल्या, हे कुणाच्या लक्षात नाही. एका वैयाकरणाला त्याने निवांतपणा दिला, म्हणून त्याचे नाव राहिले.

दुसरी गोष्ट जयपूरची. सवाई जयसिंहांनी अश्वमेध यज्ञ योजला आणि काशीच्या या पंडिताला सन्मानाने बोलावणे धाडले, असे परंपरा सांगते. जयसिंह म्हणजे वेधशाळा बांधणारा, विद्येची पारख असलेला राजा. गेले असते तर मान आणि धन दोन्ही मिळाले असते. नागेशांनी नम्रपणे नकार कळवला. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे काशीची हद्द ओलांडायची नाही असे व्रत. लिहिणे आणि शिकवणे एवढेच त्यांनी उरलेल्या आयुष्याला ठेवले.

त्यांना मूलबाळ नव्हते. शब्देन्दुशेखर हा आपला मुलगा आणि मंजूषा ही आपली मुलगी, असे ते मानत, असे सांगतात. वैयाकरणांना अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद होतो, असे एक वचन आहे. परिभाषेन्दुशेखराचा शेवट नागेशांनी याच आशयाच्या परिभाषेने केला आहे. निपुत्रिक माणसाने ते लिहिताना त्याच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आणि पुस्तकाचे पुढे काय झाले? नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे. त्यांच्या परंपरेतून ही विद्या पुण्यात नीळकंठशास्त्री थत्त्यांकडे आली आणि पुण्यात शिकलेल्या भास्करशास्त्री अभ्यंकरांनी ती साताऱ्यास नेली. भास्करशास्त्री १७८५ मध्ये जन्मले आणि १८७० मध्ये गेले. इतकी वर्षे ते साताऱ्यात शिष्य घडवत राहिले. त्यांतले काही जण पुढे थेट काशीपर्यंत पोहोचले. म्हणजे तासगावातून काशीला गेलेली विद्या साताऱ्याला परत आली आणि तिथून पुन्हा काशीस गेली! भास्करशास्त्र्यांचे नातू वासुदेवशास्त्री साताऱ्यातच रामशास्त्री गोडबोल्यांकडे शिकले आणि पुढे पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांनी परिभाषेन्दुशेखरावर तत्त्वादर्श नावाची टीका लिहिली आणि महाभाष्य मराठीत आणले. आरंभी ज्यांचा कोश सांगितला, ते काशीनाथशास्त्री हे त्यांचेच चिरंजीव. तिकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आलेले जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी १८६८ पासून परिभाषेन्दुशेखर छापून काढला आणि १८७४ पर्यंत त्याचे इंग्रजी भाषांतर पुरे केले. मग तो युरोपभर गेला.

शेवटचा दुवा अगदी ताजा. पाणिनीच्या ज्या सूत्रावरून हे सारे नियमांचे भांडण सुरू झाले, त्याच सूत्रावर ऋषी राजपोपट या तरुण संशोधकाने केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी. केली. २०२२ च्या अखेरीस तिची बातमी जगभर गाजली. त्यांचे म्हणणे असे की नंतरचा म्हणजे ग्रंथात नंतर आलेला नियम नव्हे, तर शब्दाच्या उजव्या बाजूला लागणारा नियम. तसा अर्थ घेतला तर बहुतेक परिभाषांची गरजच उरत नाही. म्हणजे नागेशांच्या मेहनतीवरच घाव! अनेक जाणत्यांना हे पटलेले नाही आणि वाद चालू आहे. मला विचाराल तर नागोजीभट्टांना यात आनंदच झाला असता. ज्या माणसाने स्वतः शतकांच्या परिभाषा मूळ विचारून बाहेर काढल्या, तो आपल्याला मूळ विचारणाऱ्यावर कसा रागावेल? सभापती ही पदवी वाद टाळून मिळत नाही.

मुलीच्या वडिलांनी हे सारे शांतपणे ऐकले. मूळ विचारण्याची गोष्ट त्यांना विशेष पटलेली दिसली, कारण समोर आलेल्या सोन्याचा कस लावल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हाच त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यांनी होकार लगेच दिला नाही. दोन दिवसांनी मात्र परगावी निघताना त्यांनी मुलीला अर्ज भरायला सांगितले आणि लग्नाचा विषय अर्जाचे उत्तर येईपर्यंत घरात काढायचा नाही असे पत्नीला बजावले. अर्ज गेला आहे. उत्तर यायचे आहे. अशा एकेका जागेसाठी जगभरातून अर्ज येतात, तेव्हा नकार आला तरी नवल नाही. पण अर्ज जाण्याआधी घरात जो निवाडा व्हावा लागतो, तो झाला.

आमच्या भागातल्या गलाईवाल्यांनी गावोगाव देवळे बांधली, शाळांना खोल्या दिल्या, जत्रेच्या वर्गण्या भरल्या. त्याबद्दल त्यांना दुवा द्यावा तेवढा थोडा. आता त्यांच्यातल्याच चार जणांनी एकत्र येऊन संशोधन करू इच्छिणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला प्रवेशपरीक्षेची दोन वर्षे निवांत करून दिली, तर शृंगवेरपूरच्या राजाने जे केले तेच विट्यात होईल. त्यासाठी संस्थान लागत नाही. तासगावच्या मुलाला आश्रय शोधत गंगेकाठी जावे लागले, त्याला तीनशे वर्षे झाली. विट्याच्या मुलीला तो घराजवळ मिळायला हरकत नसावी.